रक्त थांबेपर्यंत

"दुधाचाच दात ना डॉक्टर? काढून टाका की," असं आईबाबा सहज म्हणतात. पण सहा वर्षांच्या मुलाची दुधाची शेवटची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. ती आधीच काढली, तर मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालच्या दाताची जागा अडते.

दुधाच्या दाताचं इनॅमल पातळ आणि नस मोठी, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. भूल देऊन, दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा, लावून मी दाढेतली वरची नस कापून काढते, मुळांतली तशीच ठेवते. मग ओल्या कापसाचा बोळा दाबून धरायचा. ही चार-पाच मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. मुलाशी मी मांजराबद्दल, शाळेबद्दल बोलत असते, पण लक्ष सगळं त्या बोळ्याखाली. रक्त थांबलं, तर मुळांतली नस बहुधा निरोगी आहे. गडद रक्त झिरपतच राहिलं, तर सूज खाली उतरली आहे. मग वरून कितीही महागडं औषध ठेवा, ती नस वाचत नाही. अशा वेळी मुळंही साफ करावी लागतात आणि दुधाच्या मुळांबरोबर विरघळेल अशीच पेस्ट भरावी लागते, कारण ती मुळं पुढे झिजणारच असतात.

रक्त थांबलं, तर पूर्वी तिथे फॉर्मोक्रेसॉलचा बोळा ठेवत. त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. मी त्याऐवजी एमटीए नावाचं सिमेंट वापरते. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी 1990च्या दशकात ते विकसित केलं. मूळ घटक बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटचेच. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड. पाण्यात कालवलं की ओल्या वाळूसारखं होतं, निसटतं, पण ओलाव्यातच घट्ट होतं. त्याला काही तास लागतात. त्याच्याऐवजी वापरता येणारं बायोडेंटिन मात्र साधारण बारा मिनिटांत घट्ट होतं, आणि चुळबुळ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

वर स्टीलची टोपी बसवते. पांढरी नाही म्हणून पालक नाराज होतात, तरी मी आग्रह धरते. फटीतून लाळ आत शिरली तर खालचं सगळं काम वाया जातं.

पुढच्या तपासणीत एक्स-रे काढला की मी आधी दोन मुळांच्या मधलं हाड बघते. दुधाच्या दाढेत बिघाड बहुतेकदा तिथेच पहिल्यांदा काळा दिसतो.