केबिनची जाळी आणि चालकाचा खोकला

सोयाबीनची मळणी सुरू झाली की दवाखान्यात शिंका, नाक गळणे आणि कोरडा खोकला या तक्रारी वाढतात. त्यात पिकअप चालविणारे बरेच असतात. येरमाळ्याहून माल घेऊन बार्शीला किंवा कळंबला जायचे. शेतरस्त्यावर फुफाटा, खळ्यावर मळणीयंत्राचा भुसा आणि सोलापूर-धुळे महामार्गाला लागले की पुढच्या ट्रकचा धूर. "काचा बंद करून एसी लावतो, मग धूळ येते कुठून?" असे ते विचारतात. उत्तर पुष्कळदा डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागे सापडते.

एसी असलेल्या अनेक गाड्यांत ब्लोअरच्या वाटेवर घड्या घातलेली एक जाळी असते. हा केबिन फिल्टर. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा. तो तुंबला की गाडी ओढत नाही, म्हणून मेकॅनिक तो आठवणीने पाहतो. केबिनचा तुंबला तर त्रास फक्त माणसाला होतो, गाडीला नाही! त्यामुळे गाडी घेतल्यापासून एकदाही न बदललेले फिल्टर पाहायला मिळतात. काही साध्या पिकअपमध्ये तो मुळातच नसतो. आपल्या गाडीत आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनहून लहान कण घशापलीकडे श्वासनलिकेत उतरतात आणि 2.5 मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. डिझेलची काजळी या दुसऱ्या वर्गातली. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. साधा फिल्टर भुसा, धूळ, गाजर गवताचे परागकण चांगले अडवतो. बारीक काजळी मात्र काही अंशीच. कोळशाचा थर असलेला फिल्टर वास आणि काही वायूही शोषतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू यांपैकी कोणताच अडवत नाही. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत गाडीतच मुक्काम करणाऱ्यांनी इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपू नये. अशा झोपेतून माणूस उठत नाही.

तुंबलेल्या जाळीचे आणखी एक दुखणे आहे. एसीच्या थंड भागावर पाणी धरते आणि तिथल्या ओलाव्यात, साचलेल्या धूळ-पाल्यावर बुरशी वाढते. एसी लावताच कुबट वास येतो, वारा मंद लागतो आणि दम्याच्या रुग्णाला गाडीत बसल्याबरोबर शिंका सुरू होतात.

फिल्टर बदलणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन बंद करावे, नाका-तोंडाला मास्क लावावा. बऱ्याच गाड्यांत सामानाचा कप्पा रिकामा करून त्याच्या बाजूच्या खिट्ट्या दाबल्या की तो खाली येतो. मागचे अरुंद झाकण उघडून जुना फिल्टर आडवा, सावकाश ओढावा. झटका दिला की सारी धूळ ब्लोअरमध्ये पडते. फिल्टरवर हवेची दिशा दाखविणारा बाण असतो, तो आधी पाहून ठेवावा. आतला पाला ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि नवा फिल्टर त्याच दिशेने बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. हवेच्या पाइपने फुंकून पुन्हा वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने तंतू फाटतात आणि फुंकणाऱ्याच्या छातीत धूळ जाते.

साधारणतः 15 ते 20 हजार किलोमीटरनंतर किंवा वर्षाने तो बदलावा असे सांगतात. आपल्या रस्त्यांवर इतकी वाट पाहणे बरे नव्हे. मळणीचा हंगाम संपला की उघडून पाहावा. फुफाट्यात एसीचे आतली हवा फिरविणारे बटण लावावे, पण चांगला रस्ता लागताच बंद करावे. तीच हवा फार वेळ फिरली तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला पेंग येते.

फिल्टर बदलूनही खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर धुळीला दोष देत बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोग नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. रात्री छातीत घरघर होत असेल, तर आपण दिवसातले किती तास गाडीत असतो, हेही डॉक्टरांना सांगावे.