आधी आत्मसन्मान की आधी अक्षरओळख?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, तर डोंगराळ भागात कातकरी वाड्या आहेत. मूल अभ्यासात मागे पडले, की निदान मात्र सगळीकडे एकच होते: ‘त्याला आत्मविश्वास नाही.’ हे निदान अर्धेच खरे आहे.

आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतील, या समजुतीने अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये खास कृतिदल नेमले होते. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा उलटाच क्रम पुढे आला. चांगल्या गुणांमुळे आत्मसन्मान काही अंशी वाढतो. नुसत्या कौतुकाने गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘तू हुशारच आहेस’ असे उठताबसता सांगणाऱ्या शहरी पालकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आत्मसन्मान खच्ची केल्यास मात्र नुकसान होते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भूलभुलैया सोडवायला दिले. जात उघड केली नव्हती, तोवर दलित मुले इतरांच्या बरोबरीने होती. सर्वांसमक्ष जात पुकारल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती आणि कोडीही तशीच.

कातकरी मुलाला अशी जाणीव करून द्यायला कोणी काही पुकारावे लागत नाही. घरची बोली वेगळी, पुस्तकातील मराठी वेगळी. त्यातच दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम अशा मुलाला वयानुरूप वर्ग देते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही देऊ करते. प्रशिक्षण राहून गेले, तर अकरा वर्षांचे मूल वाचता न येणारे पाचवीचे पुस्तक उघडून गप्प बसते. त्या गप्प बसण्यालाच पुढे ‘न्यूनगंड’ असे नाव मिळते.

राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. मुख्य परीक्षा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस होते. त्या वेळी वीटभट्ट्या पेटलेल्याच असतात.