पेशींची सफाई आणि कपभर हिरवा चहा

मल्टिपल मायलोमा, म्हणजेच अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, हा बहुतांशी उतारवयाचा आजार. नाशिकमधील काही कुटुंबे रुग्णाला घेऊन पहाटे पंचवटी एक्स्प्रेस धरतात, दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जातात आणि परतताना बोर्टेझोमिब या इंजेक्शनाचे वेळापत्रक घेऊन येतात. पाठोपाठ घरी हितचिंतकांचे सल्ले सुरू होतात. ‘शरीरातील घाण काढायला हिरवा चहा द्या, शक्तीसाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या.’ सल्ला प्रेमाचा असतो. पण या औषधापुरता तो उलटा पडू शकतो.

आपल्या प्रत्येक पेशीत निकामी प्रथिनांचे तुकडे करणारे एक यंत्र असते, प्रोटिअसोम. ज्या प्रथिनाची विल्हेवाट लावायची त्यावर ‘युबिक्विटिन’ची खूण चिकटवली जाते, आणि यंत्र ते आत ओढून घेते. ही खुणेची पद्धत उलगडणाऱ्या सिचानोव्हर, हर्शको व रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राचा गाभा 28 घटकांचा: प्रत्येकी 7 घटकांची 4 कडी एकावर एक रचलेली. ती आपोआप नीट बसत नाहीत. त्यासाठी मदतनीस प्रथिने लागतात. त्यांतील एकाची कृती आपल्या 13 व्या गुणसूत्रावरील ‘पीओएमपी’ या जनुकात लिहिलेली आहे. इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधावी, तसे हे प्रथिन यंत्राचे दोन अर्धे भाग जुळेपर्यंत आधार देते. गंमत पुढे आहे. जुळणी पूर्ण होताच नवे यंत्र सर्वांत आधी या मदतनिसाचेच तुकडे करते! या जनुकात दोष असल्यास त्वचेचे वा प्रतिकारशक्तीचे दुर्मिळ आजार उद्भवतात.

मायलोमाच्या पेशी अखंड प्रथिने बनवत असतात. साहजिकच त्यांच्याकडे कचराही फार साचतो. बोर्टेझोमिब हे यंत्रच अडवते आणि त्या पेशी स्वतःच्या कचऱ्यात गुदमरतात. अमेरिकेत 2003 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. त्यातील बोरॉनचा अणू यंत्राला चिकटतो, हेच त्याचे सामर्थ्य. हिरव्या चहातील एक द्रव्य नेमके त्याच बोरॉनला पकडून ठेवते व औषध निष्प्रभ होते, असे 2009 मध्ये प्रयोगशाळेत व उंदरांवर दिसून आले. क जीवनसत्त्वाबाबतही तसेच निष्कर्ष आहेत. म्हणून उपचार चालू असेतो हिरवा चहा, त्याच्या अर्काच्या कॅप्सूल आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या बंद ठेवाव्यात, असे मी सांगतो. जेवणातले लिंबू किंवा स्वच्छ धुतलेला पेरू सोडण्याचे कारण नाही. ‘डिटॉक्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींबद्दल माझे मत याहून कडक आहे; डब्यावरील घटक कर्करोगतज्ज्ञांना दाखविल्यावाचून त्या उघडूच नयेत.

घरच्यांनी आणखी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. या औषधाने नागीण उठण्याची शक्यता वाढते, म्हणून दिलेली ॲसायक्लोव्हिरची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून थांबवू नये. उठताना चक्कर येत असेल तर आजोबांना आधी पलंगावर क्षणभर बसवून मग उभे करावे. तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढील इंजेक्शनाच्या आधीच डॉक्टरांना कळवावे. मात्रा वेळीच कमी केली तर नसांची इजा बऱ्याचदा भरून येते.