ठासणीच्या रायफलीची गोळी : घट्टपणाचा गैरसमज

गैरसमज : गोळी नळीत जितकी घट्ट, तितका नेम अचूक.

वस्तुस्थिती : ठासणीच्या रायफलीत गोळीचे माप दोनदा जुळावे लागते. तोंडाकडून गजाने ठासताना ती सहज उतरली पाहिजे आणि दारूचा भडका होताच नळीतल्या आट्यांना, म्हणजे पिळदार खाचांना, चिकटली पाहिजे. केवळ घट्टपणाने हे साधत नाही. साध्या नळीच्या ब्राउन बेस बंदुकीचा व्यास ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. गोळी झपाट्याने भरता येई, पण नळीतून हेलकावत सुटल्याने नेम लांबवर टिकत नसे. उलट टोक ब्रिटिशांच्या ब्रन्सविक रायफलीने दाखवले. तिच्या गोळीला उठावदार पट्टा होता आणि तो नळीतल्या दोन खाचांत बसवावा लागे. काही बार झाले की काजळीचा थर साचे आणि गोळी ठासता ठासता शिपाई मेटाकुटीला येई. तेल लावलेल्या कापडात गुंडाळून भरायची गोल गोळी हे घट्टपणाचेच उदाहरण, असे कोणी म्हणेल. पण तिथेही गोळी नळीपेक्षा लहानच असते. उरलेली फट कापड भरून काढते आणि आटेही तेच पकडते.

गैरसमज : नळीपेक्षा लहान गोळी म्हणजे सैल, म्हणून निरुपयोगी.

वस्तुस्थिती : १८४९ साली फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए याने लांबट, पोकळ बुडाची गोळी पुढे आणली, तेव्हा हा समज मोडला. बुडातली लोखंडी वाटी स्फोटाच्या दाबाने आत सरके आणि शिशाचा घेर फुलवून आट्यांत बसवी. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यात जेम्स बर्टनने बुडाची पोकळी सुधारली आणि वाटीशिवायही गोळी फुलते हे दाखवून दिले. १८५३ च्या ब्रिटिश एनफील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच आणि सुरुवातीची गोळी ०.५६८ इंच होती. पुढे गोळी आणखी बारीक, ०.५५ इंचाची केली गेली आणि तिच्या बुडात लाकडी खुंटी बसवली गेली. मग कितीही लहान गोळी चालेल का? नाही. फट फार मोठी असली तर गोळी पुरती फुलण्याआधीच वायू बाजूने निसटतो. धातूही मऊ हवा. शिशात कठीण मिश्रण असले तर बूड फुलतच नाही.

गैरसमज : एनफील्डच्या कागदी काडतुसाचे वंगण गोळी आत सरकवण्यापुरते होते आणि १८५७ च्या शिपायांना वंगण लावलेलेच टोक चावावे लागे.

वस्तुस्थिती : वंगणामुळे गोळी सरके हे खरे, पण काळ्या दारूची काजळी मऊ ठेवणे हेही त्याचे मोठे काम होते. त्यामुळेच पुढची गोळीही उतरू शके. नळी आणि गोळी यांच्यातली फट इतकी कमी असताना हे वंगण टाळता येत नव्हते. दाताने फाडायचे ते दारूचे टोक. वंगण गोळीकडच्या टोकाला होते. यावरून वंगणातल्या चरबीला शिपायांनी घेतलेला धार्मिक आक्षेप पोकळ ठरत नाही. वंगणात जनावराची चरबी होती, ती कोणत्या जनावराची याची खात्री करून घेतलेली नव्हती आणि काडतूस हाताळणे टळत नव्हते. मेण व तेल स्वतः आणून लावण्याची आणि कागद हाताने फाडण्याची सवलत मिळाली, तोवर विश्वास उडाला होता.

गैरसमज : रायफलीवर लिहिलेला कॅलिबर म्हणजेच गोळीचे माप.

वस्तुस्थिती : तो आकडा ढोबळमानाने नळीचा असतो. एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांतही फरक सापडतो आणि झीज वेगळीच. म्हणून रिकाम्या नळीत मऊ शिशाचा तुकडा ठोकून तिचा ठसा काढतात, तो मोजतात आणि त्यावरून गोळीचा साचा निवडतात. छापील आकडा एवढे सांगू शकत नाही. ते त्या नळीलाच विचारावे लागते.