कसोटीचीही कसोटी

मेहरूणची वाट असो वा पुण्याचा माळ, गाजरगवत आपणांस परिचितच आहे. १९५६ साली ह्या परदेशी तणाची पुण्याहून नोंद झाली. त्यातील पार्थेनिन नामक द्रव्य त्वचेतील प्रथिनांस चिकटते. शरीर त्या बदललेल्या प्रथिनांस परके मानते आणि खाज व सूज उद्भवते.

ह्याच तत्त्वावर प्रयोगशाळेत, जनावरांस न छळता, एक कसोटी घेतात. संशयित रसायन कृत्रिम प्रथिनखंडांसह चोवीस तास ठेवावयाचे व किती खंड शिल्लक उरले ते मोजावयाचे.

परंतु ह्या कसोटीवर भरवसा कसा ठेवावा? ज्यांचे गुणदोष आधीच ठाऊक आहेत अशी रसायने, नावे झाकून, निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे धाडतात. मग त्यांची उत्तरे परस्परांशी आणि ज्ञात सत्याशी जुळतात काय, हे पाहतात. घातक द्रव्य निर्दोष ठरले, तर ते साबणात मिसळून घरोघरी पोहोचेल. निर्दोष द्रव्य घातक ठरले, तर उपयुक्त वस्तू व्यर्थ टाकली जाईल.

कसोटीची मर्यादाही अशीच उमगते. बिब्ब्याच्या तेलातील दाहक द्रव्ये प्राणवायूशी संयोग पावल्यावर प्रथिनास चिकटतात. अशा जातीची द्रव्ये परीक्षानळीत निसटू शकतात. म्हणूनच आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ साली ही पद्धत स्वीकारताना तिला इतर पुराव्याची जोड आवश्यक मानली. २०२१ साली तिने तीन भिन्न कसोट्यांपैकी दोहोंचे एकमत ग्राह्य धरण्याची रीतही मान्य केली. एकट्या साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा न्याय येथेही लागू पडतो.