एका खुरप्याने भागत नाही

‘तण खाई धन’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली असते. ज्वारी किंवा तुरीसारखी पिके पहिले काही आठवडे सांभाळली, की पुढे ती आपल्या सावलीनेच बरेचसे तण दाबून टाकतात. कांद्याला मात्र निसर्गाने ही सोय दिलेली नाही. कांद्याची पात नळीसारखी पोकळ, बारीक आणि उभी असते. लागण होऊन दोन महिने झाले, तरी वाफ्यात डोकावून पाहिल्यास पातींच्या मधून माती उघडी दिसते. मुळेही उथळ. उघड्या मातीवर पडणारे ऊन, दर आठ-दहा दिवसांनी मिळणारे पाणी आणि भरपूर खत! तणाला याहून अधिक काय हवे?

त्यात लागण दाट असते. दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवतात. म्हणजे एका रोपाच्या वाट्याला १५० चौरस सेंटिमीटर जागा येते. पाट आणि वरंबे सोडून दिले, तर हेक्टरी साडेसहा लाखांहून अधिक रोपे होतात. एवढ्या दाटीत बैलाचे कोळपे चालणार कोठून? वांगी, कोबी किंवा टोमॅटोच्या दोन ओळींतून कोळपे फिरवता येते, कांद्यात खुरपेच घ्यावे लागते. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या कांद्याच्या जिल्ह्यांत खुरपणीचे हे काम बहुतेक बायकाच करतात. दिवसभर उकिडवे बसून, एकेक वाफा पुढे सरकत. साऱ्या गावाची लागण एकाच सुमारास झालेली असल्यामुळे सगळ्यांना मजूर हवे असतात तेही एकाच पंधरवड्यात. खुरपणी पंधरा दिवस लांबली, तर तेवढ्यात नुकसान होऊन गेलेले असते. कारण लागणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने कांद्याच्या दृष्टीने फार नाजूक असतात. त्या काळात तणाने गाठले, तर पुढे कितीही चांगली निगा राखली तरी गाठ पोसत नाही. तण मुळीच काढले नाही, तर उत्पन्न निम्म्याच्याही खाली येऊ शकते.

मग एकदाच कसून खुरपले म्हणजे झाले, असे का होत नाही? याचे उत्तर जमिनीच्या आत आहे.

तणांची श्रीमंती मातीत पुरलेली असते. माठाचे एक चांगले वाढलेले झाड लाखाच्या घरात बी टाकू शकते. घोळही याबाबतीत मागे नाही. हे सगळे बी पुढच्या पावसाला उगवले असते तर शेतकऱ्याचे काम सोपे झाले असते. परंतु त्यातले थोडेच उगवते, बाकीचे झोपून राहते. ही झोप किती लांब असू शकते? अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली २० बाटल्यांत ओलसर वाळूबरोबर निरनिराळ्या वनस्पतींचे बी भरले, प्रत्येक जातीचे ५० दाणे, आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि काय उगवते ते पाहायचे, असा हा प्रयोग. बील केव्हाच निवर्तले, प्रयोग मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालू राहिला. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतील व्हर्बॅस्कम नावाच्या तणाचे काही दाणे १४२ वर्षांनंतर उगवले!

या झोपलेल्या बियांना जागे करणाऱ्या गोष्टींत प्रकाश महत्त्वाचा आहे. पुष्कळ तणांच्या बियांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. तांबडा प्रकाश पडला की त्याचे रूप पालटते आणि बीज उगवण्याच्या तयारीला लागते. क्षणभर उजेड मिळाला तरी कित्येक बियांना तो पुरतो. आपण खुरपतो तेव्हा एक तण काढतो आणि त्याच वेळी खालचे बी वर आणून त्याला उजेड दाखवतो! (दिवसाऐवजी रात्री नांगरले तर? जर्मनीत असे प्रयोग झाले. काही ठिकाणी तण खरोखर कमी उगवले, काही ठिकाणी फरकच पडला नाही. बियांच्या सर्वच जाती उजेडाची वाट पाहत नाहीत.)

हाताला कंटाळलेल्या माणसाचे लक्ष साहजिकच रसायनांकडे वळले. १९४५च्या सुमारास २,४-डी हे तणनाशक बाजारात आले आणि पुढच्या काही दशकांत तणनाशकांची रांगच लागली. कांद्यात वापरले जाणारे पेंडिमेथॅलिन उदाहरणादाखल घेऊ. हे तण उगवण्यापूर्वी फवारायचे असते. ते मातीच्या वरच्या पातळ थरातच धरून राहते, पाण्याबरोबर फारसे खाली उतरत नाही. त्या थरात रुजणाऱ्या बियांच्या कोवळ्या मुळांत आणि कोंबांत पेशींचे विभाजन थांबते, आणि रोप वर येण्याआधीच मरते. लावलेल्या कांद्याच्या रोपाची मुळे या थराच्या खाली असतात, म्हणून कांदा वाचतो. म्हणजे येथे पीक आणि तण यांतला भेद रसायन करते त्यापेक्षा खोली अधिक करते.

मी फवाऱ्याला सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी नाही. ऐन निकडीच्या वेळी मजूर मिळत नसताना तो पीक वाचवतो. पण त्याच्यावरच विसंबले की काय होते, याचा धडा गव्हाने दिला आहे. हरियाणा आणि पंजाबात गव्हात उगवणारे गुल्लीडंडा नावाचे गवत आयसोप्रोट्युरॉनने मरत असे. भात आणि गहू, पुन्हा भात आणि गहू, आणि दरवर्षी तेच तणनाशक, असे क्रम चालले. हजारो रोपांत एखादे असे असते की जे ते विष आपल्या पेशींत मोडून टाकू शकते. बाकीची मरतात, त्याचे बी मात्र पडते. १९९०च्या दशकाच्या आरंभी या गवतावर आयसोप्रोट्युरॉनचा परिणाम होईनासा झाला आणि शेतेच्या शेते त्याने भरून गेली. तणनाशकाने गवताला नवी शक्ती दिली नव्हती. जे आधीच थोडे होते, तेवढेच निवडून मागे ठेवले.

कांद्याच्या वाफ्यात अशीच निवड दुसऱ्या रीतीने होते. बियांपासून येणारे तण पेंडिमेथॅलिनने दबते, पण लव्हाळा हलत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत तोच फोफावतो.

लव्हाळ्याची ओळख नीट करून घेतली पाहिजे, कारण सगळ्या उपायांची परीक्षा तोच घेतो. जगातील सर्वांत उपद्रवी तणांच्या यादीत शास्त्रज्ञांनी त्याला पहिला क्रमांक दिला आहे. याचा मुख्य भरवसा बियांवर नसून जमिनीतील गाठींवर असतो. या सुवासिक गाठी बारीक दोऱ्यांसारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, जणू माळच. माळेच्या टोकाकडील गाठीला कोंब आला की ती मागच्या गाठींना दबवून ठेवते. खुरप्याने वरचे पाते कापले, की खालची गाठ पुन्हा पाते काढते. रोटाव्हेटर फिरवून माळ तोडली, तर दबलेली प्रत्येक गाठ मोकळी होते. एका झाडाची दहा झाडे होतात. काळा मल्चिंग पेपर अंथरला तर माठ, घोळ, केना उजेडाअभावी मरतात, परंतु लव्हाळ्याचा कोंब अंधारात पाने न उलगडता सुईसारखा टोकदार राहतो आणि कागद भोसकून वर येतो! गंमत अशी, की पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, पाने कागदाखालीच उलगडतात, अडकतात आणि उष्णतेने भाजून निघतात.

तर मग करायचे काय? मॅट लीबमन आणि एरिक गॅलंट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक कल्पना मांडली. एका मोठ्या हातोड्याऐवजी पुष्कळ लहान हातोडे वापरा, असे ते म्हणतात. हे गणिताने पाहू. वाफ्यात १००० तणे आहेत असे धरा. एक जोरदार उपाय शेकडा ९० तणे मारतो, १०० उरतात. आता चार साधे उपाय घ्या, प्रत्येकी शेकडा ६० मारणारे. पहिल्यानंतर ४०० उरतील, दुसऱ्यानंतर १६०, तिसऱ्यानंतर ६४ आणि चौथ्यानंतर २५ किंवा २६. चार दुबळे उपाय एका बलवानापेक्षा सरस ठरले. मात्र या गणितात एक अट लपलेली आहे, ती विसरू नका. एका उपायातून सुटलेले तण दुसऱ्याच्या तावडीत सापडले पाहिजे. चारही उपायांतून तेच लव्हाळे सुटणार असतील, तर हे गणित कोसळते.

रब्बी कांद्याच्या शेतात ही अट कशी पाळता येते ते पाहू. सुरुवात लागणीच्या कितीतरी आधी, एप्रिल-मेमध्ये होते. कोरड्या जमिनीत खोल नांगरट करून ढेकळे उन्हात पडू दिली, की वर आलेल्या लव्हाळ्याच्या गाठी वाळून मरतात. राहिलेल्या वेचून काढता येतात. तीच नांगरट जुलैत ओल्या मातीत केली असती तर गाठींची लागण केल्यासारखेच झाले असते. अवजार एकच, महिना वेगळा. पावसाळ्यात त्या जमिनीत ताग किंवा दाट पेरलेली चाऱ्याची ज्वारी घेतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. जमिनीवर अंधार पडला की त्याच्या नव्या गाठी थोड्या धरतात. शेणखत घालायचे ते पुरते कुजलेलेच, कारण जनावराच्या पोटातून पुष्कळ बी जिवंत बाहेर पडते आणि उकिरडा आतून चांगला तापल्याशिवाय मरत नाही.

नंतर वाफे तयार करून लागणीपूर्वीच एक पाणी देतात आणि थांबतात. हे थांबणे अनेकांना जिवावर येते. आठ-दहा दिवसांत वरच्या थरातील बी उगवते. वाफसा आला की वखराची हलकी पास देऊन ते मारायचे. पास खोल गेली तर खालचे बी वर येऊन सगळी मेहनत पाण्यात जाते. मग रोपांची लागण आणि तिच्या सुमारास उगवणीपूर्व तणनाशकाची एक फवारणी. चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान एक हातखुरपणी. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेची शिफारसही एक फवारणी आणि एक खुरपणी अशा जोडीचीच आहे. या खुरपणीत सुटलेले लव्हाळे, प्रतिकार करणारी रोपे, सगळी एकाच हाताखाली येतात. खुरपे औषधाला सरावलेले तण आणि न सरावलेले तण असा भेद करीत नाही! उपटलेली घोळ मात्र ओल्या वाफ्यात टाकू नये, ती पुन्हा मुळे धरते. बांधावर टाकावी, किंवा घरी नेऊन भाजी करावी, तेच बरे.

उपाय एकमेकांच्या आडही येतात. फवारणीनंतर चार दिवसांनी वाफा खुरपला, तर तणनाशकाचा पातळ थर मोडतो आणि फटीफटींतून तण वर येते. कोरड्या मातीवर फवारले तर औषध कामच करीत नाही. पाचटाचे आच्छादन आधी घातले, तर फवारा मातीपर्यंत न पोचता पाचटावरच अडतो. म्हणून दुकानातून चार उपाय आणून एकत्र केले म्हणजे झाले, असे नाही; कोणता आधी आणि कोणता नंतर, हे ठरवणे हेच खरे शास्त्र आहे.

खरिपाच्या रोपांसाठी आणखी एक उपाय हाताशी असतो. गादीवाफा भिजवून त्यावर मे महिन्यात पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचे, कडा मातीने बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. इस्राएलमध्ये १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून ही पद्धत पुढे आली. आत अडकलेल्या उष्णतेने वरच्या थरातील बी आणि काही रोगकारक बुरशीही मरतात. सबंध शेताला हे परवडणारे नाही, रोपवाटिकेच्या चार वाफ्यांना परवडते.

यातील काही गोष्टी शाळेत करून पाहता येतील. शेतातील किंवा मैदानाच्या कडेची वरची पाच सेंटिमीटर माती घ्या, खडे काढा, नीट मिसळा आणि चार पसरट डब्यांत तीन सेंटिमीटर जाडीचा थर करा. चौथ्या डब्यातील माती आधी ओली करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून महिनाभर कडक उन्हात ठेवलेली असावी. सर्वांना सारखे पाणी घाला. दर दहा दिवसांनी उगवलेली रोपे मोजा आणि उपटा. पहिल्या डब्यातील माती मुळीच हलवू नका. दुसऱ्यातील दर वेळी ढवळा. तिसऱ्यावर काळे जाड कापड ठेवा आणि मोजणी शक्य तितकी झटपट उरका. दोन महिन्यांचे आकडे आलेखावर मांडा. डब्याचे क्षेत्रफळ माहीत असल्यास एका चौरस मीटरमागे किती बी जागे झाले तेही काढता येईल. उगवलेल्यांत लव्हाळा निघाला, तर तो ओढून काढू नका. माती हलक्या हाताने धुऊन काढा आणि खाली किती गाठी माळेत आहेत, त्यांतील किती गाठींना कोंब आले आहेत आणि किती अजून झोपलेल्या आहेत, ते मोजा.