थोरल्या भावाचं इस्पितळ

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचं छायाचित्र पाहताना माझी नजर चेहऱ्याआधी हातांवर जाते. बोटं वाकडी झालेली, सांधे सुजून कायमचे आखडलेले. याच हातांनी त्यांनी एक लाखाहून अधिक डोळ्यांची ऑपरेशनं केली. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय त्यांनी उभारलं, हे अनेकांना ठाऊक असतं. त्यामागे त्यांचं अख्खं घर कसं राबलं, ते मात्र कमी सांगितलं जातं.

1 ऑक्टोबर 1918 रोजी तमिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते थोरले. शाळेत कागद-पेन्सिल नव्हती, नदीची वाळू पसरून तिच्यावर अक्षरं गिरवायची. नात्यातल्या तीन बहिणी गरोदरपणातल्या आजारानं दगावल्या, तेव्हा बाळंतपणं करणारा डॉक्टर व्हायचं या मुलानं मनाशी धरलं. 1944 साली मद्रासच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. तिथे आमवातानं गाठलं. कित्येक महिने अंथरुणाला खिळून काढले. उठले तेव्हा साधं पेन धरणंही जड जात होतं. बाळंतपणाचं काम आता या हातांनी होणार नव्हतं, म्हणून ते डोळ्यांकडे वळले. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे केसभर चूक चालत नाही असं काम. आपल्या बोटांना पेलतील अशी हत्यारं त्यांनी करून घेतली आणि हात पुन्हा घडवला. पुढे एका दिवसात शंभर मोतीबिंदू काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

मदुराईच्या सरकारी रुग्णालयात वीस वर्षं नेत्रविभाग सांभाळून, गावोगाव शिबिरं घेऊन 1976 मध्ये ते निवृत्त झाले. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांच्या मागे धाकट्यांची शिक्षणं आणि संसार त्यांनी मार्गी लावले होते, आणि आता रुग्णालय उभारायला त्याच भावंडांना त्यांनी हाक मारली. धाकटी बहीण डॉ. नाच्चियार, तिचे यजमान डॉ. नम्पेरुमाळसामी, नम्पेरुमाळसामींची बहीण डॉ. विजयालक्ष्मी आणि तिचे यजमान डॉ. श्रीनिवासन हे चौघेही नेत्रतज्ज्ञ. बांधकामाची आणि पैशाची बाजू सख्ख्या भावानं उचलली. बँकांनी कर्ज नाकारलं. मग घर गहाण पडलं, बायकांच्या अंगावरचे दागिने गेले, आणि अकरा खाटांचा दवाखाना उभा राहिला. तो चालवणाऱ्या ट्रस्टला नाव दिलं आईवडिलांचं, रुग्णालयाला योगी श्रीअरविंदांचं. दागिने काढून देणाऱ्या त्या बायकांचं ऋण मला फार मोठं वाटतं. थोरल्या दिरावर, थोरल्या भावावर एवढा भरवसा टाकणं सोपं नसतं.

पहिल्यापासून रीत अशी, की ज्याला परवडेल त्यानं पैसे द्यावेत, नसेल त्यानं देऊ नयेत. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर फुकटवाल्यांचा खर्च निघाला पाहिजे, आणि डॉक्टर मात्र दोघांना तेच. हे जमायचं तर डॉक्टरचा एक क्षणही वाया जाता कामा नये. म्हणून ऑपरेशन थिएटरात दोन टेबलं शेजारी-शेजारी. एकीकडचं काम संपतं तोवर दुसरीकडचा रुग्ण तयार असतो. डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवतात आणि पुढचा डोळा हाती घेतात. ही तयारी करतात खेड्यापाड्यांतून आलेल्या, दोन वर्षं शिकवून तयार केलेल्या मुली. अरविंदच्या यशात त्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे, असं मी मानते.

शिबिरात एक गोष्ट ध्यानात आली. ऑपरेशन फुकट असूनही लोक येत नव्हते. बसभाडं, जेवण, बुडणारा रोज आणि सोबतीला येणारं माणूस, हे सगळं आणायचं कुठून? मग रुग्णांना गावातून बसनं आणणं, जेवू घालणं आणि परत सोडणं हेही रुग्णालयानंच अंगावर घेतलं.

जुन्या पद्धतीत मोतीबिंदू काढल्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. माझ्या आजीचा तसा होता. तो काढून ठेवला की ती हातानं भिंत चाचपत मोरीकडे जायची, आणि चष्मा घरात कुणाच्या पायाखाली येईल या धास्तीनं उशाखाली घेऊन झोपायची. डोळ्यातच बसवायचं भिंग निघालं, पण परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. गरिबाच्या नशिबी जाड चष्माच राहणार होता. 1992 मध्ये अरविंदनं ऑरोलॅब काढून भिंगं मदुराईतच बनवायला घेतली, आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आली.

डॉ. वेंकटस्वामींना पद्मश्री 1973 मध्येच मिळाली होती. राहणं शेवटपर्यंत भावाच्या कुटुंबातच. रविवारी सकाळी घरातली लहानथोर मंडळी जमत, वाचन आणि चर्चा होई, मुलांनाही बोलायला लावलं जाई. 7 जुलै 2006 रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्या रविवारच्या बैठकांत मांडी घालून बसलेली मुलं मोठी झाली. त्यातली कित्येक आज डोळ्यांचे डॉक्टर आहेत, आणि अरविंदमध्येच काम करतात.